बोरोमिओ प्लेगने गेले नाहीत

संत चार्ल्स बोरोमिओ यांचा सण (४ नोव्हेंबर) जवळ आला की एक मजकूर फिरू लागतो: इटलीतल्या मिलानचे हे आर्चबिशप प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेले. सेवा खरी, मृत्यूचे कारण मात्र चुकीचे.

मिलानमध्ये प्लेग आला १५७६ साली. गव्हर्नरसह बडी मंडळी शहर सोडून गेली; बोरोमिओ राहिले. घरातले पडदे उतरवून त्यांनी गरिबांसाठी कपडे शिवून घेतले. घरात कोंडलेल्यांना खिडकीतून मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) दिसावी म्हणून चौकाचौकांत वेद्या उभारल्या. गळ्यात दोर अडकवून, अनवाणी पायांनी प्रायश्चित्ताची मिरवणूक काढली. (साथीत मिरवणूक शहाणपणाची होती का, हा प्रश्न आज पडणारच.) पुढच्या वर्षी साथ ओसरली आणि त्यातून ते सुखरूप बाहेर पडले. ऑक्टोबर १५८४मध्ये उत्तर इटलीतल्या वरालोच्या डोंगरावर ध्यानसाधनेला गेले असताना त्यांना ताप भरला. ३ नोव्हेंबरच्या रात्री मिलानमध्ये ते वारले, वय ४६.

दुसरा दावा, त्यांच्यावर प्रोटेस्टंटांनी गोळी झाडल्याचा. तोही चूक. १५६९मध्ये ते प्रार्थनेला गुडघे टेकून बसले असताना गोळी झाडणारा फारिना हा ‘उमिलियाती’ या कॅथलिक धर्मसंघाचाच होता. या श्रीमंत, सैलावलेल्या संघाला बोरोमिओ शिस्त लावू पाहत होते, आणि राग होता तो त्याचाच. १५७१मध्ये पोप पायस पाचवे यांनी त्या संघाची पुरुष शाखाच बरखास्त केली.

मामा पोप असल्यामुळे २१व्या वर्षी कार्डिनलपद (पोपखालचे सर्वोच्च पद) मिळाले, ही टीका मात्र खरी आहे. मामा म्हणजे पायस चौथे.