मंक दुबळा नव्हता, आपला दिवस तोकडा होता

डीअँडडीच्या (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फाशांवर खेळायचा पात्रांचा खेळ) ग्रुपांवर दर थोड्या दिवसांनी तोच वाद पेटतो: लढणाऱ्या क्लासमध्ये (पात्रांच्या प्रकारांत) भारी कोण आणि अन्याय कुणावर झालाय. मग कुणीतरी एक्सेल शीट काढतं, राउंडमागे (लढाईच्या फेरीमागे) सरासरी डॅमेज (शत्रूला झालेली इजा) मांडतं आणि नुसत्या हातांनी लढणारा मंक तळाला. फायटर विरुद्ध विझार्ड हा वेगळा, न संपणारा विषय; त्यात आज पडत नाही. पण या शीटमध्ये सगळ्यात महत्त्वाचा आकडा नसतोच. तुमच्या टेबलावर दोन लाँग रेस्टच्या (रात्रभराची झोप, जिच्यानंतर खर्चलेली ताकद परत मिळते) मध्ये लढाया किती होतात?

२०१४च्या डन्जन मास्टर्स गाइडने (खेळ चालवणाऱ्या डीएमसाठीचं नियमपुस्तक) धरलं होतं, की पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) एका दिवसात ६ ते ८ मध्यम किंवा कठीण लढाया झेलेल आणि मध्ये साधारण दोनदा शॉर्ट रेस्ट (तासाभराची विश्रांती) घेईल. कुणाकडे होतं हो हे? आमच्याकडे शनिवारी सगळे जमेपर्यंत सात वाजतात. मागच्या वेळी काय झालं ते आठवण्यात अर्धा तास. मग सराईतल्या म्हाताऱ्याशी उगाच गप्पा (त्याचं नाव विचारलंत की डीएमची तंतरते), शेवटी एक दणदणीत लढाई, आणि "चला, झोपतो आम्ही." कसोटीसाठी निवडलेली टीम ट्वेंटी-ट्वेंटीला उतरवल्यावर दुसरं काय होणार?

पॅलाडिन (दैवी शक्तीचा योद्धा) राजा होणार. पाचव्या लेव्हलला त्याच्याकडे पहिल्या लेव्हलचे ४ आणि दुसऱ्या लेव्हलचे २ स्पेल स्लॉट (मंत्रांचा साठा, लाँग रेस्टलाच भरणारा) असतात. जुन्या नियमांत लागलेल्या प्रत्येक वारावर एक स्लॉट खर्चून स्माइट (जादा दैवी मार) लावता यायचं. एका टर्नमधले दोन्ही वार लागले आणि दोन्हींवर दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट उडवला, की ६डी८ (आठ बाजूंचे सहा फासे) जास्तीचे. सरासरी २७, तलवारीचं डॅमेज वेगळंच. आठ लढाया समोर असत्या तर हा गडी हात राखून खेळला असता. एकच आहे म्हटल्यावर कशाला राखेल?

त्याच लेव्हलच्या मंककडे 'की' पॉइंट (खास डावपेचांसाठीची ऊर्जा) ५. फ्लरी ऑफ ब्लोजला (जादा ठोसे) एक, शत्रूच्या तावडीतून सटकायला एक, स्टनिंग स्ट्राइकच्या (शत्रूला सुन्न करणारा वार) प्रत्येक प्रयत्नाला एक. त्यातही समोरच्याने कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (काटकपणावर फासा टाकून केलेला बचाव) मारला की पॉइंट पाण्यात, आणि मोठ्या राक्षसांचं कॉन्स्टिट्यूशन सहसा दणकटच असतं. दोन-तीन राउंडमध्ये खिसा रिकामा. हे पॉइंट शॉर्ट रेस्टला सगळे परत मिळतात, म्हणजे दोन रेस्ट झाल्या तर दिवसाला १५. आपण देतो ५, आणि वर म्हणतो क्लासच भिकार. फायटरची अ‍ॅक्शन सर्जसुद्धा (टर्नमध्ये एक जादा कृती) शॉर्ट रेस्टवरच परत येते. पण त्याच्या अंगात चिलखत असायचं आणि हातात ग्रेट वेपन मास्टर हे कौशल्य, नेमात उणे ५ करून डॅमेजमध्ये अधिक १० घेणारं. त्यामुळे त्याची उपासमार कुणाला दिसलीच नाही.

२०२४च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये (नव्या नियमांचं पुस्तक) मंकला 'अनकॅनी मेटॅबॉलिझम' मिळालं. इनिशिएटिव्ह (लढाईच्या सुरुवातीला पाळी ठरवणारा फासा) टाकताना सगळे पॉइंट परत, लाँग रेस्टमागे एकदा. ही सरळसरळ घरपोच शॉर्ट रेस्ट आहे! सटकणंही आता टर्नमधल्या एकमेव छोट्या जादा कृतीत, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनमध्ये फुकट. उलट स्माइटचा स्पेल करून त्याला बोनस अ‍ॅक्शन लावली, त्यामुळे एका टर्नमध्ये एकच. पॅलाडिनवाले अजून सुतकात आहेत. मला हा बदल शंभर टक्के पटतो. ऑरा ऑफ प्रोटेक्शन घेऊन अख्ख्या पार्टीचे सेव्ह सांभाळणाऱ्या माणसाने डॅमेजमध्येही पहिलं यायचं, हा हट्ट कशासाठी?

बार्बेरियनला (रानटी योद्धा) रेजचा (लढाईतला संताप) एक वापर शॉर्ट रेस्टवर परत मिळू लागला आणि आता तो रेजमध्ये असताना स्टेल्थसाठी (लपण्यासाठी) स्ट्रेंग्थ वापरू शकतो. रागारागाने लपणारा माणूस! नियमांच्या पुस्तकात यापेक्षा मजेशीर काही मी वाचलेलं नाही.

या सगळ्यात राहिला तो रोग (Rogue, म्हणजे लपूनछपून वार करणारा चोर). सुरुवातीच्या लेव्हलांना त्याच्याकडे मोजून खर्च करण्यासारखं काही नसतंच. स्नीक अटॅक (संधी साधून केलेला जादा मार) पहिल्या लढाईत जेवढा, तेवढाच आठव्या लढाईत. पाचव्या लेव्हलला ३डी६. बाकीच्यांची दमछाक झाली की मग हा पुढे यायचा, असा त्याचा हिशेब. पण आपल्या टेबलावर कुणी दमतच नाही. नव्या पुस्तकाने त्याला कनिंग स्ट्राइक (वारासोबत शत्रूला पाडणं वगैरे डाव) दिलं, तेही स्नीक अटॅकचे फासे कापून. मंकला जे मिळालं ते पाहता, सध्या सगळ्यात जास्त मार रोग खातोय असं माझं ठाम मत आहे.

म्हणून मी डीएम असताना क्लासला हात लावत नाही, घड्याळाला लावतो. भिंतीआड मुक्काम मिळाला तरच लाँग रेस्ट. रानात झोपलात तर ती शॉर्ट रेस्ट. गाइडमधला ८ तासांची शॉर्ट आणि ७ दिवसांची लाँग रेस्ट हा पर्यायी नियम आम्हाला फार ताणलेला वाटला, म्हणून हा मधला मार्ग. एक 'दिवस' आता तीन-चार शनिवार चालतो. आमचा पॅलाडिन पहिल्याच लढाईत सगळे स्लॉट उडवून बसला आणि पुढचे दोन शनिवार नुसती तलवार फिरवत होता. रोगवाली मात्र जाम खूश.

पॅलाडिनप्रेमींनी खाली खुशाल शिव्या घालाव्यात. फक्त सोबत लिहा, तुमच्याकडे शेवटची शॉर्ट रेस्ट कधी झाली होती.