पावसानं नेलं की जीवाणूंनी खाल्लं? दिवाडीच्या वाचकाला उत्तर

गोव्यात फोंड्यातल्या एका गॅरेजमागची तेलकट माती जीवाणूंच्या मदतीनं सुधारल्याचा माझा लेख वाचून दिवाडीच्या एका शेतकरी वाचकानं लिहिलं आहे: ‘चार महिने माती वरखाली केली, शेणखत घातलं आणि तेल गेलं म्हणता. मध्ये जूनचा पाऊस पडून गेला. तेल पावसानं नेलं, श्रेय तुम्ही जंतूंना दिलंत. उद्या हे वाचून कोणी आमच्या खाजनात (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या शेतात) जंतूंची पूड टाकून मोकळा होईल, त्याचं काय? त्यापेक्षा माती खणून दूर टाका.’

तुमचा पहिला आक्षेप मला मान्य आहे. मातीचा वास गेला, काळपटपणा गेला, गवत उगवलं, एवढ्यावर मी निष्कर्ष काढला. गोव्याच्या पावसात उघडी ठेवलेली माती हा पुरावा होत नाही. तेल खाली उतरून शेजारच्या विहिरीकडे सरकलं असेल, तर मी घाण फक्त नजरेआड केली.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधता येतं. खनिज तेलात होपेन नावाची संयुगं असतात, इंजिन ऑइलमध्येसुद्धा. जीवाणूंना ती सहजी पचत नाहीत. तेल नुसतं वाहून गेलं असेल तर होपेन आणि बाकीची संयुगं साधारण एकाच प्रमाणात घटतात. जीवाणूंनी खाल्लं असेल तर बाकीची घटतात आणि होपेन मागे उरतं. 1989 मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डेझ जहाजाचं तेल किनाऱ्यावर पसरलं, तेव्हा हीच तुलना वापरली होती. (डिझेलला ही कसोटी चालत नाही, त्यात होपेन जवळजवळ नसतं.)

त्याच अलास्कात जीवाणूंना मदत म्हणून किनाऱ्यावर मुख्यतः खत टाकलं होतं. कारण तेल खाणारे जीवाणू तिथे आधीच होते. आपल्या मातीतही असतात. तेल सांडलं की कार्बन भरमसाट होतो, नत्र आणि स्फुरद अपुरे पडतात, म्हणून त्यांची वाढ अडते. ढोबळ हिशोब सांगतात तो कार्बन 100, नत्र 10, स्फुरद 1 असा. जोडीला ओलावा हवा आणि हवा हवी. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी, म्हणून थोडा चुनाही लागतो. पूड हा यातला सर्वांत छोटा भाग. टेरी या दिल्लीच्या संशोधन संस्थेची ‘ऑइलझॅपर’ ही पूड म्हणजे निसर्गातूनच वेगळ्या केलेल्या जीवाणूंचं मिश्रण, मक्याच्या कणसांच्या भुकटीवर बसवलेलं. तीही हवा-खताशिवाय काम करणार नाही. आणि जळलेल्या इंजिन ऑइलमधले धातू कोणताच जीवाणू खाऊन संपवत नाही. हे मी लेखात लिहायला हवं होतं.

आता खाजन. इथे तुमची भीती माझ्या लेखापेक्षा शहाणी आहे. भातशेतीच्या पाण्याखालच्या चिखलात वरच्या पातळ थराखाली प्राणवायू उरतच नाही, आणि त्याच्याविना तेलाचं विघटन फार सावकाश होतं. हवा मिळावी म्हणून नांगर घालावा, तर भरतीच्या चिखलात लोखंड आणि गंधकाचं जे पायराइट दडलेलं असतं त्याला हवा लागून आम्ल तयार होतं, आणि कोरगूटसारखं खारं पाणी सोसणारं भातही त्या आम्लात टिकणार नाही. युरिया टाकावा तर ओहोटीबरोबर तो मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, खाडीत जातो. म्हणून खाजनाजवळ बार्जचं तेल दिसलं, तर आधी मानशीचं दार बंद करून भरती अडवायची. पाण्यावरचा तवंग पेंढ्यानं टिपून तो पेंढा बाहेर काढायचा. चिखलाला हात लावण्याआधी तपासणी करून घ्यायची. तिथे पूड टाकून कोणी मोकळा होत असेल तर त्याला अडवा, माझा लेख दाखवला तरी.

‘माती खणून दूर टाका’ हा उपाय मात्र मला पटत नाही. आपल्याकडे अशी माती बहुतेक वेळा दुसऱ्याच्या ओढ्याकाठी जाऊन पडते.

लेखातलं ‘तेल गेलं’ हे वाक्य मी आज काढलं आहे. पाऊस सरला की ऑक्टोबरात त्याच जागी दोन वाफे करीन: एकाला खत, चुना आणि दर आठवड्याला खुरपणी, दुसरा तसाच. दोन्हींवर ताडपत्री, दोन्हींखाली प्लास्टिक. सुरुवातीचे आणि मे महिन्याचे नमुने प्रयोगशाळेत जातील. आकडे इथेच देईन, माझ्या विरुद्ध गेले तरी. जमल्यास नमुने घेताना तुम्ही हजर राहा.