रिसीव्हर आणि स्पीकर एका तराजूत नको
जुनं सामान विकण्यावरच्या लेखात होम थिएटरच्या अख्ख्या सेटला रिसेलचं एकच गणित लावलंय, म्हणजे सगळ्याची किंमत सारखीच उतरते असं धरलंय, ते काही पटलं नाही. रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा मुख्य डबा, हा अर्धा कॉम्प्युटरच हो, २०१४ ला घरगुती डॉल्बी अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज येतो ते तंत्र) आलं, २०१७ ला एचडीएमआय २.१ (टीव्हीला जोडायच्या केबलचं नवं मानक), मग जुन्याला कोण विचारतंय? माझा ३८ हजारांचा ५.१ वाला (पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा) रिसीव्हर सहा वर्षांनी ७ हजाराला गेला, त्यातही घेणाऱ्याने रिमोटचं झाकण नाही म्हणून घासाघीस केली 😄 पण त्याच्यासोबतचे पॅसिव्ह (आत अ‍ॅम्प्लिफायर नसलेले) छोटे बुकशेल्फ स्पीकर निम्म्या किमतीत दोन दिवसांत उचलले. जुने स्पीकर घेताना फक्त वूफरच्या (खालचा जाड आवाज देणाऱ्या गोल पडद्याच्या) कडेचा फोम बघा, मुंबईच्या दमट हवेत त्याचा भुगा होतो, रबर असेल तर बरंच टिकतं. आणि पॅकिंगचे मूळ खोके टाकू नका, विकताना कामी येतात, माळ्यावर असू देत, घरचे कितीही ओरडले तरी.