'अनिश्चित' म्हणजे लपवलेला कॅन्सर नव्हे

सध्या एक संदेश सगळीकडे फिरतो आहे. त्यात म्हटलंय, काढलेल्या तिळाच्या रिपोर्टवर 'अनिश्चित' असा शेरा आला तर तो मेलॅनोमाच (रंगपेशींचा घातक त्वचा-कॅन्सर) समजा, डॉक्टर फक्त स्पष्ट बोलत नाहीत. लसिका ग्रंथीत पेशी सापडल्या तर आशा सोडा. असे रुग्ण झपाट्याने वाढताहेत. आणि जनुक-चाचणी केली की सोक्षमोक्ष लागतो. असा रिपोर्ट हातात असलेल्या माणसाची झोप उडवणारा हा मजकूर आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"डॉक्टर स्पष्ट बोलत नाहीत." रंगपेशींच्या काही गाठी खरोखरच तीळ आणि मेलॅनोमा यांच्या मध्ये बसतात. 1948 साली सोफी स्पिट्झ या पॅथॉलॉजिस्टने (काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदान करणाऱ्या डॉक्टरने) लहान मुलांमधल्या 13 'मेलॅनोमां'चं वर्णन केलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी भयंकर दिसत होत्या, तरी 13 पैकी एकच मूल दगावलं. अशा गाठींना पुढे स्पिट्झ गाठी हे नाव पडलं, आणि त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात हे उमगलं. पण ते एक मूल विसरून चालत नाही, आणि अडचण तिथेच आहे: दिसण्यावरून वागणूक नेहमी ओळखता येत नाही.

2017 मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या 187 पॅथॉलॉजिस्टांना एकूण 240 गाठींच्या स्लाइड वाटून दिल्या होत्या. साध्या तिळांबाबत त्यांचं निदान तज्ज्ञमंडळाशी 92 टक्के वेळा जुळलं, पुढे गेलेल्या मेलॅनोमाबाबत 72 टक्के. मधल्या गटांत मात्र हा आकडा 25 ते 43 टक्क्यांवर आला. काही महिन्यांनी तीच स्लाइड पुन्हा दिल्यावर अनेकांचं स्वतःचंच मत बदललं. अशा गाठीवर 'अनिश्चित' लिहिणारा पॅथॉलॉजिस्ट काही लपवत नसतो. जे दिसतं तेवढंच तो प्रामाणिकपणे सांगतो.

"ग्रंथीत पेशी म्हणजे आशा सोडा." सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हेच. मेलॅनोमात ग्रंथीतल्या पेशी ही गंभीर गोष्ट आहे, पण तो नियम या अनिश्चित गाठींना जसाच्या तसा लावता येत नाही. 2014 च्या एका आढाव्यात अनियमित, म्हणजे तीळ आणि मेलॅनोमा यांच्या मधल्या, स्पिट्झ गाठींचे 541 रुग्ण होते. त्यातल्या 303 जणांची सेंटिनल ग्रंथी (गाठीकडून येणारी लसिका सर्वांत आधी जिथे पोहोचते ती ग्रंथी) तपासली आणि 119 जणांत, म्हणजे 39 टक्क्यांत, पेशी सापडल्या. तरीही जवळजवळ सगळे रुग्ण हयात राहिले, आणि ग्रंथी तपासल्याने जगण्याची शक्यता वाढल्याचंही दिसलं नाही. साध्या तिळाच्या पेशीसुद्धा कधीकधी ग्रंथीत आढळतात. त्यामुळे केवळ या कारणाने काखेतल्या किंवा जांघेतल्या सगळ्या ग्रंथी काढण्याचा सल्ला मिळाला, तर आधी दुसरं मत घ्यावं असं मला ठामपणे वाटतं.

काही थोड्या रुग्णांत आजार पसरतो आणि मृत्यूही होतो. लहान मुलांपेक्षा मोठ्यांच्या गाठीकडे जास्त सावधपणे पाहिलं जातं. गाठ पूर्ण काढली गेली आहे ना, कडा मोकळ्या आहेत ना, हे पाहणं आणि नियमित तपासणी ठेवणं टाळू नये.

"रुग्ण झपाट्याने वाढताहेत." कशावरून? कॅन्सर-नोंदणी मुख्यतः घातक गाठींची होते. अनिश्चित गाठी आयसीडी-10 या आजारांच्या आंतरराष्ट्रीय संकेतांक-यादीत डी48.5 या संकेतांकाखाली त्वचेच्या इतर अनिश्चित गाठींबरोबर एकत्र पडतात, आणि बहुतेक नोंदण्या त्या वेगळ्या मोजत नाहीत. शिवाय बायोप्सी जास्त झाल्या की निदानंही वाढतात. अमेरिकेत सुमारे 40 वर्षांत मेलॅनोमाची निदानं जवळपास सहापट झाली, मृत्युदर त्या मानाने फारसा हललाच नाही.

"जनुक-चाचणीने सोक्षमोक्ष लागतो." नाही, पण मदत होते. एएलके, आरओएस1 किंवा एनटीआरके जनुकांची दुसऱ्या जनुकाशी जोडणी झालेली सापडली तर गाठ स्पिट्झ कुळातली असल्याचं कळतं, ती कशी वागेल हे त्यावरून ठरत नाही. सीडीकेएन2ए जनुकाच्या दोन्ही प्रती गेलेल्या असणं किंवा टर्ट जनुकाच्या प्रवर्तकातला (जनुक चालू करणाऱ्या भागातला) बदल हे मात्र काळजीचे संकेत आहेत. त्यांचा अर्थ वय, गाठीची जाडी आणि स्लाइड यांच्यासोबतच लावायचा असतो.

दुसरं मत घ्यायला जाताना नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही. प्रयोगशाळेकडून मूळ स्लाइड आणि गाठीचा तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्या, आणि रंगपेशींच्या गाठी नेहमी पाहणाऱ्या त्वचा-पॅथॉलॉजिस्टकडेच ते पोहोचतील असं बघा.