'टॉय ट्रेन' म्हणणाऱ्यांनो, एकदा घोसीपुरा स्टेशनवर या

आता पुन्हा कुणी "ग्वाल्हेरची टॉय ट्रेन किती क्यूट होती" म्हणालं ना, तर खरंच भांडण होणार आहे. टॉय? रूळ दोन फुटी होते म्हणून ते खेळणं झालं होय? माधवराव शिंदे महाराजांनी घातलेली ही छोटी लाइन ग्वाल्हेरहून 1904 साली सबलगढला पोचली, 1909 साली श्योपूरला. जवळपास 200 किलोमीटर! एवढ्या अरुंद रुळांवर इतका लांबचा पल्ला मारणाऱ्या गाड्या जगात मोजक्याच होत्या. आणि आत कोण बसायचं? पर्यटक नव्हे. दुधाचे कॅन, गव्हाची पोती, शाळेची पोरं, जागा संपली की टपावर माणसं. माझी आत्या याच लाइनवरच्या कैलारसला शिक्षिका होती. गाडीला शिव्या घालत घालतच तिने अख्खी नोकरी त्याच गाडीतून केली. बसचं तिकीट तिला कुठे परवडत होतं!

मार्च 2020 मध्ये लॉकडाउन लागला आणि गाडी बंद झाली ती झालीच. मोठी (ब्रॉडगेज) लाइन आली, उत्तम झालं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ती शहराबाहेरून नेली आणि घोसीपुरा, मोतीझील, मिलावली ही स्टेशनं दिली वाऱ्यावर सोडून.

मला रोज त्या रुळांवरूनच वाट काढत कामाला जावं लागतं. लग्नाच्या पंगतीतल्या थर्माकोलच्या ताटल्या, त्यात तोंड घालून उभी असलेली गुरं, आणि कुणाची तरी स्कूटर थेट तिकीटखिडकीला टेकवलेली. बोलायला जावं तर "आपके बाप का स्टेशन है क्या?" नाही रे बाबा. महाराजांचं होतं, 1951 साली मध्य रेल्वेत गेलं, आणि आता दिसतंय ते असं की कुणाचंच नाही. इथून कुठली गाडी कुठे जायची हे सांगणारी साधी पाटी लावायला कुणाचे हात दुखतात? 'हेरिटेज ट्रेन सुरू करणार' अशी बातमी मात्र दर थोड्या दिवसांनी येते. आधी झाडू तरी मारा!

वर पुण्याचे पाहुणे. महाराजांच्या जयविलास राजवाड्यात तिकीट काढून जेवणाच्या टेबलावरची चांदीची गाडी बघतात. ब्रँडी आणि सिगार फिरवायची ना ती, तीच. वाकून वाकून फोटो काढतात. परवा भाच्याने विचारलं, "मामा, खरी गाडी कुठे थांबायची?" म्हटलं, दाखवतो, पण चप्पल नको, बूट घालून ये.