दहा व्हेनिअर्स आणि आमच्या गावचं बोरिंग

व्हेनिअर्स (दातांच्या पुढच्या बाजूवर चिकटवायचे, बहुधा पोर्सेलिनचे, पातळ पापुद्रे) करून घेऊ का, असं गेल्या दोन महिन्यांत मला तीन मैत्रिणींनी विचारलं. तिघींशीही फोनवर तासभर बोलले, म्हणून आता इथेच सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. पण या एका निर्णयापाशी मी दीड वर्ष अडकून होते.

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं, पांढरकवड्याजवळचं. आमच्या भागात बोरिंगच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. लहानपणी ते पाणी पोटात जात राहिलं की हिरडीच्या आत घडत असलेल्या कायमच्या दातांचं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं टणक आवरण, बिघडतं. मग दात उगवतात तेच पांढरे ठिपके आणि पिवळे-तपकिरी पट्टे घेऊन. साधारण आठव्या वर्षापर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. पुढे कितीही ब्रश करा, मीठ लावा, कोळसा घासा, डाग जात नाही, कारण तो वरून बसलेला नसतोच. आमच्या वर्गात कितीतरी मुलांचे दात असेच होते, त्यामुळे यात काही वेगळं आहे हे मला माहीतच नव्हतं. ते कळलं पुण्यात, होस्टेलच्या पहिल्या आठवड्यात. रूममेटने हळूच विचारलं, "तू मिश्री लावतेस का गं?" त्या दिवशी हसताना तोंडावर गेलेला हात पुढची सोळा वर्षं तिथेच राहिला. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये ओठ उघडून हसतानाचा माझा एकही फोटो नाही.

म्हणून "दिसण्याचं काय एवढं" असं कुणी म्हटलं की मला राग येतो. ज्याला चारचौघांत हसता येतं त्याला ते म्हणणं सोपं आहे. ज्या मैत्रिणींना दात नीट करून घ्यायचेत त्यांनी जरूर करून घ्यावेत. माझं म्हणणं फक्त कुठून सुरुवात करायची याबद्दल आहे.

मी ज्या दवाखान्यात पहिल्यांदा गेले तिथे दहा मिनिटांत माझा फोटो घेतला आणि स्क्रीनवर मला माझंच नवं हसू दाखवलं. खोटं कशाला सांगू, मी रडले. वरचे दहा दात, एका दाताचे 14 हजार, म्हणजे 1 लाख 40 हजार, हप्त्यांची सोय. "थोडंसं घासावं लागेल," एवढंच सांगितलं. डाग कशाचे, हे कुणी विचारलं नाही. रात्री झोपेत दात खाता का, हेही नाही. आणि मी खाते. त्या सवयीने पोर्सेलिनचा टवका उडू शकतो, म्हणून हे तर आधीच विचारायला हवं.

घरी येऊन त्या "थोडंसं"च्या मागे लागले. पोर्सेलिनचं व्हेनिअर बसवायला बहुतेक वेळा दाताचा पुढचा थर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास घासतात. ऐकायला काहीच वाटत नाही. पण पुढच्या दाताचं इनॅमल टोकाकडे साधारण एक मिलिमीटर असतं आणि हिरडीजवळ त्याच्या निम्मं. इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपतात, त्यामुळे घासलेलं पुन्हा कधीच भरून येत नाही. व्हेनिअर चांगलं निघालं तर दहा-पंधरा वर्षं टिकतं, नंतर ते बदलायचं. मी छत्तीस वर्षांची आहे. म्हणजे आयुष्यात आणखी दोन-तीनदा तोच खर्च आणि तेच घासणं. हे डोक्यात शिरल्यावर माझी झोप उडाली. माझे दात डागाळलेले होते, पण कीड एकाही दाताला नव्हती.

आईला फोन केला. ती म्हणाली, "काय झालं वं त्या दाताले? ऊस सोलतं ना त्यानं?" तेव्हा चिडले होते तिच्यावर.

मग यवतमाळला एका वयस्कर डॉक्टरांकडे गेले. आमच्या भागातले असे दात त्यांनी आयुष्यभर पाहिलेत. त्यांनी दात वाळवून, उजेड टाकून पाहिले आणि म्हणाले, "बाई, हा रंग वरच्या थरातला आहे. आधी कमीत कमी करून बघू. व्हेनिअर्स काय, पुढेही करता येतील. घासलेला दात मात्र परत येणार नाही." मला दीड वर्षात हवं होतं ते वाक्य हेच.

आधी मायक्रोअब्रेजन केलं. सौम्य आम्ल आणि बारीक पूड मिसळलेल्या पेस्टने वरचा अगदी पातळ थर झिजवतात. तपकिरी रंग दोन वेळांतच बराच उतरला. मग दातांच्या मापाचे ट्रे करून दिले, त्यात ब्लीचिंगचं जेल घालून रोज रात्री घालायचे. पहिले काही दिवस पांढरे ठिपके आणखीच उठून दिसले आणि गार पाण्याने कळ यायची. त्या आठवड्यात मला पश्चात्तापही झाला. महिन्याभराने रंग एकसारखा होत गेला. मधल्या दोन दातांवर थोडा डाग उरला, तिथे कंपोझिट, म्हणजे दाताच्याच रंगाचं भरण, लावलं. सगळं मिळून पंचवीस हजारांच्या आत. दात जाहिरातीसारखे शुभ्र नाहीत. मला आवडतात.

माझ्या मामेभावाचं वेगळं. त्याच्या दातांना खळगे पडले होते, कडा तुटत होत्या. त्याने सहा व्हेनिअर्स बसवले आणि अगदी योग्य केलं. त्याचं इनॅमल मुळातच टिकणारं नव्हतं. म्हणून तुमचा डाग कुठल्या थरात आहे, किती घासणार, इनॅमल उरणार का, आणि आधी कमी झिजवणारं काही करता येईल का, हे विचारल्याशिवाय खुर्चीवर आडव्या होऊ नका. उत्तर द्यायला डॉक्टरांना वेळ नसेल तर दुसरीकडे जा.

आणि एक. परवा गावी भाची मला म्हणाली, "आत्या, तुये दात पांढरे झाले!" ती पाच वर्षांची आहे. तिचे कायमचे दात आत्ता घडतायत. घरात अजून बोरिंगचंच पाणी, वहिनी ते उकळून देते. उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटलं तर प्रमाण उलट वाढतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरं पाणीच नसेल तर 1.5 पर्यंत चालतं, असं भारतीय मानक आहे. फ्लोराइड तुरटी आणि चुन्याने काढायची नालगोंडा पद्धत आमच्याच विदर्भात, नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेत तयार झाली, आणि आमच्या घरात ती कुणाला माहीत नाही.

मी निघताना बोरिंगचं पाणी स्वच्छ बाटलीत भरून तपासणीला देऊन आले. तोवर भाचीसाठी रोज आरओच्या पाण्याचा कॅन लावलाय. अहवाल आला की इथेच टाकते. पांढरकवडा, वणी, किनवटकडच्या कुणी आपलं पाणी तपासून घेतलं असेल तर कमेंटमध्ये सांगा.