कम्युनिटी कॉलेजातली ब्लॅक मुलं आणि आपल्या गप्पा

मी मेरीलँडमधल्या एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते. आपल्या मंडळींत हे कळलं की थोड्याच वेळात कोणीतरी म्हणतंच, "या ब्लॅक मुलांना प्रवेश खुला, गरिबाला सरकारी ग्रँट, तरी अर्ध्यात सोडून जातात. शिकायचंच नसतं त्यांना." असं म्हणणारी माणसं वाईट नाहीत. आमच्या अडीअडचणीला रात्री-अपरात्री धावून आलेली आहेत. पण त्यांचं हे म्हणणं साफ खोटं आहे आणि ते मी रोज डोळ्यांनी बघते. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

भारतातल्या मित्रमैत्रिणींसाठी थोडक्यात सांगते. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सार्वजनिक कॉलेज. इलिनॉयमधल्या जोलिएटला १९०१ साली सुरू झालेलं कॉलेज आजही चालू असलेल्यांत सगळ्यात जुनं. आता देशभरात हजाराच्या आसपास आहेत. मार्कांची चाळणी नाही, फी विद्यापीठाच्या मानाने बरीच कमी. इथे दोन वर्षं काढून पुढे विद्यापीठात जाता येतं, नाहीतर नर्सिंग किंवा वेल्डिंग शिकून थेट कामाला लागता येतं. एच-फोर व्हिसावर (नोकरीसाठी आलेल्या जोडीदारामुळे मिळणाऱ्या) आलेल्या आपल्या कितीतरी जणींनी अमेरिकेतला पहिला कोर्स अशाच कॉलेजात केलाय.

आता 'शिकायचंच नसतं' याबद्दल. पुढे गुलामगिरीविरुद्धचे मोठे नेते झालेले फ्रेडरिक डग्लस आपण राहतो त्याच राज्यात १८१८ मध्ये गुलाम म्हणून जन्माला आले. बाल्टिमोरला मालकिणीने त्यांना मुळाक्षरं शिकवायला घेतली, तर मालकाने ते बंद पाडलं. शिकलेला गुलाम ताब्यात राहत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग हे पोर पाव घेऊन बाहेर पडायचं आणि रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना तो देऊन त्यांच्याकडून वाचायला शिकायचं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले ब्लॅक न्यायाधीश थर्गुड मार्शल बाल्टिमोरचेच. मेरीलँड विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये ब्लॅक विद्यार्थ्यांना घेत नसत. वकील झाल्यावर मार्शल त्याच लॉ स्कूलविरुद्ध एका ब्लॅक विद्यार्थ्यासाठी उभे राहिले आणि १९३६ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयात जिंकले. या समाजाला शिक्षणाची आच नाही, असं म्हणायला आपल्याला तोंड नाही.

मग मुलं जातात का? माझ्या वर्गातलंच सांगते. पहिल्या चाचणीचे पेपर हातात पडले की पुढच्या आठवड्यात काही खुर्च्या रिकाम्या होतात. नापास झालेली बाकीची मुलं ईमेल करतात, ऑफिसात येऊन रडतात, अर्ध्या मार्कासाठी भांडतात. ब्लॅक मुलगे बहुतेक वेळा काहीच बोलत नाहीत, नुसते यायचे थांबतात. शाळेत मदत मागितली की 'याला जमत नाही' आणि जरा आवाज चढला की 'हा दांडगा आहे' असं ऐकत ते मोठे झालेले असतात. आपल्यासारखा दिसणारा मास्तर तर बहुतेकांना भेटलेलाच नसतो. देशातल्या शाळाशिक्षकांत ब्लॅक पुरुष शंभरात दोनसुद्धा भरत नाहीत.

गेल्या वर्षी वर्गात एक मुलगा होता. पिवळं सेफ्टी जॅकेट बॅगेत कोंबून यायचा. रात्रभर गोदामात पार्सलं चढवायची आणि पहाटे सुटून दोन बस बदलत नऊचा तास गाठायचा. वर्गसमीकरणं तोंडी सोडवणारा मुलगा, पण लॉगॅरिदमच्या चाचणीत अर्ध्यावर पेन खाली ठेवलं आणि नंतर आलाच नाही. आमच्याकडे एक सहकारी आहेत, स्वतः ब्लॅक, पन्नाशीचे, पूर्वी सैन्यात होते. त्यांनी त्याला फोन लावला. 'का येत नाहीस' हे विचारलंच नाही. "मी लायब्ररीत दुसऱ्या मजल्यावर बसलोय, पेपर घेऊन ये," एवढंच बोलले.

तो आला. पेपर राहिला बाजूला, त्याने आधी मोबाइलवर कॉलेजचं पोर्टल उघडून दाखवलं. नावापुढे लाल अक्षरांत होल्ड. कधीतरी आईची गाडी आणली होती, तेव्हाचा पार्किंगचा दंड थकलेला. चाळीस डॉलर. होल्ड असला की पुढच्या सेमिस्टरला नाव नोंदवता येत नाही. पुढे नावच लागणार नाही तर आता कशाला यायचं, असा त्याने मनाशी हिशेब केला होता. सहकारी त्याला घेऊन खाली कॅशियरच्या खिडकीवर गेले, दंड हप्त्याने भरायचं ठरवून घेतलं आणि होल्ड निघाल्याचं स्क्रीनवर दिसेपर्यंत तिथून हलले नाहीत. मग दोघं वर आले आणि लॉगॅरिदमला बसले.

तो फोन गेला नसता तर पुढे काय झालं असतं, हे नीट समजून घ्या. सेमिस्टरचा ६० टक्के काळ पुरा व्हायच्या आत मुलगा निघून गेला, तर त्याच्या फेडरल ग्रँटचा काही भाग कॉलेजला सरकारकडे परत करावा लागतो आणि बहुतेक वेळा ते बिल मुलाच्या नावावर चढतं. बिल थकलं की नवा होल्ड. रीतसर नाव न काढता गेला असेल तर वर सगळ्या विषयांत एफ, म्हणजे नापास. एफ साठले की पुढची ग्रँट बंद. दोन वर्षांनी त्याला पुन्हा शिकावंसं वाटलं तरी आधी जुनी बाकी भरा. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला एवढंच दिसतं की पोराने कॉलेज सोडलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की या मुलांना जपणं हे कोणाचं तरी पगारी काम असलं पाहिजे. आज ते फुकटात चाललंय. आमचे सहकारी आपली नोकरी सांभाळून, जेवणाच्या सुट्टीत हे करतात. कॉलेजात ब्लॅक पुरुष कर्मचारी मोजके, त्यामुळे प्रत्येक अडलेला मुलगा त्यांच्याच दारात. कौतुकाचं प्रमाणपत्र मिळतं, कामाचे तास कमी होत नाहीत.

पगारी माणसं नेमली की काय होतं, याचा पुरावा आहे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांत 'असॅप' नावाचा कार्यक्रम सुरू केला. ग्रँटमधून न भागलेली फी माफ, बस-सबवेचा पास, पुस्तकांना मदत आणि एक ठरलेला ॲडव्हायजर, म्हणजे अभ्यास-अडचणींत सल्ला देणारा कर्मचारी. इतर विद्यार्थ्यांसाठी एका ॲडव्हायजरमागे सहाशे ते पंधराशे मुलं होती, असॅपमध्ये साठ ते ऐंशी. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून अभ्यास झाला. तीन वर्षांत पदवी घेणारे साध्या गटात २२ टक्के, असॅपमध्ये ४० टक्के. ओहायोतल्या तीन कॉलेजांनी हेच केलं, तिथे १९ चे ३५ झाले. हा कार्यक्रम फक्त ब्लॅक मुलांसाठी नाही, सगळ्या गरीब विद्यार्थ्यांसाठी आहे. खर्च डोक्यामागे हजारो डॉलर जास्त आला, पण पास होणारे इतके वाढले की न्यूयॉर्कमध्ये एका पदवीमागचा खर्च उलट कमी भरला.

आपल्याला हे नवं वाटायला नको. शाहू महाराजांनी कोल्हापुरात नुसत्या शाळा काढल्या नाहीत, वसतिगृहं काढली. कुणब्याच्या पोराला शाळेत नाव घालून भागत नाही, संध्याकाळी जेवायचं कुठे आणि झोपायचं कुठे हाही शिक्षणाचाच प्रश्न आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. माझे वडील तिथल्याच एका बोर्डिंगात राहून शिकले. तिथल्या रेक्टरांचं नाव घरात अजून निघतं. आज मी अमेरिकेत फळ्यापुढे उभी आहे त्यात त्या बोर्डिंगच्या आमटी-भाकरीचा वाटा आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना जे मिळालं ते हक्काचं आणि यांना द्यायचं म्हटलं की लाड, हे मला पटत नाही.

एक गोष्ट खटकते तीही लिहिते. बऱ्याच कॉलेजांत ब्लॅक मुलांसाठी कार्यक्रम म्हणजे वर्षातून एकदा प्रेरणादायी वक्ता, टाय बांधायची कार्यशाळा आणि फोटो. टाय जरूर शिकवा. पण मुलगा अडतो तो बीजगणितात, बसभाड्यात आणि होल्डमध्ये. भाषण ऐकून पार्किंगचा दंड फिटत नाही.

"तू भारतीय बाई, तुझं ते काय ऐकणार?" असंही मला विचारतात. काही गोष्टी माझ्याकडून होणार नाहीत. पोलिसाने गाडी थांबवली त्या रात्रीबद्दल ब्लॅक मुलगा माझ्याशी नाही बोलणार, माझ्या सहकाऱ्यांशी बोलेल. म्हणून ते कॉलेजात हवेतच. पण पहिल्या आठवड्यात नाव पाठ करणं, चाचणीनंतर स्वतः मेसेज करणं, 'ऑफिस अवर्स' म्हणजे प्राध्यापकाने विद्यार्थ्यांच्या शंकांसाठीच ठेवलेली वेळ हे समजावून सांगणं, यासाठी कातडीचा रंग लागत नाही. घरात आधी कोणी कॉलेजात गेलेलं नसलं की कित्येकांना वाटतं, ती वेळ प्राध्यापकाच्या कामाची असते, तेव्हा दार वाजवायचं नसतं.

"मग फक्त ब्लॅक मुलांसाठीच का?" हाही प्रश्न येतो. सिटी युनिव्हर्सिटीचा 'ब्लॅक मेल इनिशिएटिव्ह', म्हणजे ब्लॅक मुलग्यांना समोर ठेवून काढलेला उपक्रम, २००५ पासून चालू आहे आणि तो कुठल्याही विद्यार्थ्याला खुला आहे. ज्याचं सगळ्यात जास्त अडतं त्याला समोर ठेवून व्यवस्था उभी केली, तर ती सगळ्यांच्या कामी येते. असं असूनही अशा कार्यक्रमांवर गदा येते आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्रीय शिक्षण खात्याने वंशाच्या आधारे काही केलं तर निधी थांबवू, असं पत्र काढलं. ऑगस्टमध्ये मेरीलँडच्याच फेडरल न्यायालयाने ते रद्द केलं. तरी अनेक कॉलेजांनी आधीच धसका घेऊन पाट्या उतरवल्या. ज्या मुलाला त्या पाटीकडे बघून आत यायचा धीर झाला असता, तो आता कॉरिडॉरमधून सरळ पुढे निघून जातो.

आपल्याला करता येण्यासारखं एक काम आहे. मेरीलँडच्या कम्युनिटी कॉलेजांना बराच पैसा काउंटीकडून, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक सरकारकडून येतो आणि दर वसंतात काउंटीच्या बजेटवर जाहीर सुनावणी होते. कोणालाही नाव नोंदवून दोन-तीन मिनिटं बोलता येतं. रस्ते, उद्यानं, शाळा यांसाठी आपली माणसं तिथे जातात, कम्युनिटी कॉलेजसाठी बोलायला आपल्यातलं कोणी गेलेलं मी पाहिलेलं नाही. मागणी साधी आहे: ॲडव्हायजर वाढवा, एकामागे शंभर-दीडशेच्या वर मुलं नकोत, आणि किरकोळ बाकीसाठी नोंदणी अडवू नका. मी जाणार आहे. सोबत यायचं असेल त्यांनी मला मेसेज करा, माझ्या गाडीत चार जणांची जागा आहे.